बाबा घरी नाहीत : मराठीतल्या मोठं होण्याच्या गोष्टींबद्दल

१९८६च्या मे महिन्यातली दुपार. सातवीची परीक्षा संपली होती. सांगलीत वाड्यातल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो आणि पेठेत बाबांचा भाड्याच्या जागेतला छापखाना होता. एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या केसेस, एक कंपोझिटर. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, नाटकाची हँडबिलं अशी कामं. गावात ऑफसेट आलं, पत्रिका रंगीत झाल्या आणि बाबांचं गिऱ्हाईक हळूहळू तिकडे सरकलं. कागद मात्र उधारीवर आलेला होता. त्यामुळे दर दहा-बारा दिवसांनी कागदवाल्याचा वसुलीचा माणूस सायकलवरून घरी यायचा.

त्या दुपारी आई बाहेर गेली होती. बाबा आतल्या खोलीत आडवे झाले होते. सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला आणि आतून, अगदी हलक्या आवाजात, बाबा म्हणाले, ''सांग, बाबा घरी नाहीत.''

मी दारात गेले आणि सांगितलं. त्या माणसाने मान हलवली आणि त्याची नजर खाली गेली. उंबऱ्याच्या अलीकडे बाबांच्या चपला होत्या. डाव्या चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला, सगळ्या पेठेला ओळखू येतील अशा. त्याने चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, ''बरं. आले की सांग, मी येऊन गेलो म्हणून.'' मग पाणी मागितलं. मी तांब्या-भांडं आणलं. पाणी पिऊन तो गेला.

आत आले तर बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. ''गेला?'' एवढंच त्यांनी विचारलं. मी ''हो'' म्हटलं. त्याने चपला पाहिल्या, हे मी सांगितलं नाही.

मी मोठी झाले ती त्या क्षणी, असं मला तेव्हाच वाटलं होतं. दारात बोललेलं खोटं बाबांचं होतं, मी फक्त निरोप्या होते. पण ते खोटं पकडलं गेलं आहे, ही गोष्ट बाबांपासून लपवणं माझं एकटीचं होतं. ते मला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. बाबांना वाईट वाटू नये एवढं मला त्या वेळी कळलं, आणि आपल्याला ते कळलं याचा धक्काही बसला.

पुढे वाचायला लागल्यावर मी हा क्षण पुस्तकांत शोधत राहिले. मराठीत बालपणाच्या आठवणींची कमतरता नाही, उलट आपल्याकडचं कितीतरी चांगलं गद्य तिथूनच आलेलं आहे. पण मला हवा असलेला क्षण त्यांत सहसा सापडत नाही. तो का सापडत नाही, याचा हा शोध आहे.

*

आधी शब्दांकडे पाहू. मोठं होण्यासाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांतले बरेचसे जाणण्याशी, कळण्याशी जोडलेले आहेत. मूल 'अजाण' असतं, मग 'कळत्या वयाचं' होतं, पुढे 'जाणतं' होतं आणि अठरा पूर्ण झाली की कायद्याच्या भाषेत 'सज्ञान'. मुलीच्या बाबतीत हाच शब्द शरीराकडे वळतो. पाळी आली की 'शहाणी झाली' म्हणायची पद्धत आमच्याकडच्या बायकांत होती. म्हणजे शहाणपणसुद्धा तिचं तिला येत नाही. ते तिच्या शरीराला येतं, आणि ते आल्याचं घरातल्या बायका जाहीर करतात.

या सगळ्या शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. जाणतेपण दिसतं, कुणीतरी ते पाहतं आणि त्यावर शिक्का मारतं. पण कळल्यावर कळलं नाही असं दाखवणं, यासाठी आपल्याकडे एकच शब्द पटकन आठवतो, तो म्हणजे 'वेड पांघरणं'. त्यातही लबाडीची छटा आहे. जी मुलं मोठ्यांना जपण्यासाठी वेड पांघरतात, त्यांच्यासाठी वेगळा शब्द नाही.

*

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. बेचाळीस रात्री श्याम आश्रमातल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. या पुस्तकाबद्दल आपल्याकडे एक तर हात जोडले जातात किंवा नाक मुरडलं जातं. रडवणारं, संस्कारी, भाबडं, असं म्हणून ते बाजूला ठेवणं सोपं आहे. मीही कॉलेजात असताना तेच केलं. पण मोठं होण्याचा प्रश्न डोक्यात ठेवून ते पुन्हा वाचलं, तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न त्या पुस्तकाने थेट हाती घेतलेला आहे. एका रात्रीचं नावच 'मोठा होण्यासाठी चोरी' असं आहे. थोर माणसं पुस्तकं वाचून मोठी झाली, आपल्याकडे पुस्तकांना पैसे नाहीत, म्हणून श्याम पाहुण्याचे पैसे चोरतो आणि शेवटी आईजवळ कबूल करतो. त्याच्या लगेच पुढच्या रात्री तो खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो, आणि आई त्याला मनाने मोठा झाल्याची पावती देते.

या दोन रात्री शेजारी-शेजारी ठेवल्या की गुरुजींची मोठेपणाची कल्पना स्पष्ट दिसते. आईपासून काही लपवलं तर तुम्ही लहान राहता. आईजवळ कबूल केलं, आईला दाखवलं, तर मोठे होता. मोठेपण आई प्रमाणित करते. ती साक्षीदार आणि तीच न्यायाधीश. श्यामच्या जगात आईला न सांगता मोठं होता येत नाही.

आता याच पुस्तकातलं कर्ज पाहा. वडिलांचं कर्ज वाढत जातं, सावकाराचा माणूस वसुलीला घरी येतो, आईचा अपमान होतो, पुढे घराच्या जप्तीची दवंडी पिटली जाते. ती नाचक्की गुरुजींनी झाकलेली नाही. आपल्या घराची अब्रू अशी उघड्यावर मांडायला धैर्य लागतं, ते त्यांच्यापाशी होतं. पण मला एक गोष्ट खटकत राहते. वडिलांविषयी श्यामला नेमकं काय वाटलं? वडील चुकले, खचले, दारात उभे राहू शकले नाहीत, हे पाहताना त्या मुलाच्या मनात काय आलं? पुस्तक वडिलांच्या उदार हृदयाबद्दल बोलतं, दैवाबद्दल बोलतं, आईच्या दुःखाबद्दल तर पानोपानी बोलतं. शेवटच्या रात्रींमध्ये, जेव्हा घर खरोखर बुडत असतं, तेव्हा श्याम शिक्षणासाठी दूर असतो. आई गेली तेव्हाही तो जवळ नसतो. त्या दूर असण्याची टोचणी हीच या बेचाळीस रात्रींमागची खरी कळ आहे, असं मला वाटतं. पण त्याचा परिणाम असा झाला आहे की ज्या उंबऱ्यात उभं राहून मुलाला वडिलांसाठी खोटं बोलावं लागलं असतं, तिथे श्यामला कधी उभं राहावंच लागलं नाही. तिथे धाकटी भावंडं होती, आणि त्यांनी पुस्तक लिहिलं नाही.

*

श्यामनंतर मराठीतलं मूल बदललं. त्याने आईजवळ कबुली द्यायचं थांबवलं. प्रकाश नारायण संतांचा लंपन ('वनवास' हा पहिला संग्रह १९९४चा) आणि मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'मधला जोशी (२००४) ही माझ्या पिढीच्या वाचकांची लाडकी मुलं. दोघांनाही आपण जवळजवळ मित्र मानतो.

लंपन आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. घर प्रेमळ आहे, गाव ओळखीचं आहे, सुमी आहे, आणि तरी पुस्तकाचं नाव 'वनवास' आहे. संतांची कमाल ही की हा वनवास ते कुठे उघड करून सांगत नाहीत. लंपन सगळ्याला 'मॅड' म्हणत पुढे जातो आणि त्या एका शब्दामागे खूप काही दडवतो. आपण दुःखी आहोत हे आजीला कळलं तर तिला वाईट वाटेल, म्हणून तो गप्प आहे, असं मला वाचताना सतत वाटतं. माझ्या उंबऱ्यावरच्या क्षणाच्या सगळ्यात जवळ येणारा मुलगा तो हाच. पण तो जे लपवतो ते स्वतःचं दुःख आहे. त्याच्या अवतीभवतीची मोठी माणसं त्याला कमी-जास्त प्रेमळ दिसतात, विक्षिप्त दिसतात, पण ती केविलवाणी झालेली तो सहसा पाहत नाही.

जोशीचं तसं नाही. नववीतल्या या मुलाला मोठ्यांचा खोटेपणा चांगला दिसतो. काळ आणीबाणीचा आहे. शिक्षक, घरचे, शेजारचे यांच्या दबक्या बोलण्यातून ती त्याच्यापर्यंत पोचते. मोठी माणसं घाबरलेली आहेत, हे त्याला दिसतं. पण जोशीचं सगळं लक्ष शिरोडकरकडे आहे, आणि ते बरोबरच आहे, चौदाव्या वर्षी ते तिथेच असायला हवं. शिरोडकर गाव सोडून जाते, नववी संपते, दहावी समोर उभी राहते आणि आपण पुस्तक मिटतो ते घशात आवंढा घेऊन. हा आवंढा खरा आहे. तरी मला विचारावंसं वाटतं, की जोशी त्या वर्षात मोठा झाला, की फक्त दुखावला गेला? आपण मराठीत या दोन गोष्टी फार लवकर एक करून टाकतो. कुणी सोडून गेलं, कुणी मेलं, की मूल मोठं झालं. उमेश कुलकर्णींच्या 'विहीर' (२००९) या सिनेमातही समीरचा मावसभाऊ-मित्र जातो आणि समीर त्याला शोधत राहतो. तो सिनेमा मला फार आवडतो. पण जे घडतं ते मुलावर येऊन आदळतं. मूल स्वतः काही करत नाही, म्हणजे दुसऱ्यासाठी काही उचलत नाही. मोठं होणं हे काहीतरी गमावणं असतं, हे आपल्या लेखकांनी उत्तम सांगितलं. ते काहीतरी उचलणंही असतं, हे कमी सांगितलं.

*

मुलींच्या गोष्टीत हा तिढा वेगळा आहे. लक्ष्मीबाई टिळक जन्मल्या १८६८ साली, मनकर्णिका गोखले म्हणून. १८८० साली लग्न झालं आणि त्या लक्ष्मी झाल्या. म्हणजे मी दारात उभी राहिले साधारण त्याच वयात त्यांचं नाव, घर आणि माणसं एका दिवसात बदलली. 'स्मृतिचित्रे' वाचताना या बदलाचा आकांत ऐकू येईल असं वाटतं, तर लक्ष्मीबाई आपल्याला हसवतात.

आणि त्यांचं हसवणं कुठून सुरू होतं पाहा. वडिलांपासून. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याला घर जेरीस आलेलं आहे. बाजारातून आलेली वस्तूनवस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा अट्टाहास, त्यापायी आईचे हाल, मुलांची धावपळ. या वेडामागे १८५७नंतरच्या दहशतीची आणि घरातल्या एका फाशीची हकीकत आहे. लक्ष्मीबाई ते सांगतात आणि पुढे जातात. त्या वडिलांना माफ करत नाहीत आणि त्यांच्यावर खटलाही भरत नाहीत. घाबरलेला एक माणूस त्यांना स्पष्ट दिसतो आणि तो आपला बाप आहे हेही त्या विसरत नाहीत. मराठीत आई-वडिलांकडे इतक्या सरळ नजरेने पाहणारी मुलगी १९३०च्या दशकात छापली गेली, 'श्यामची आई'च्याच काळात, हे आपण पुरेसं लक्षात घेतलेलं नाही.

लक्ष्मीबाईंना हे कसं जमलं? मला वाटतं, त्यांना मोठं करण्याचा सगळा उद्योग दुसऱ्यांनीच उरकून टाकला होता. नाव बदललं, साडी नेसवली, सासरी पाठवलं. मोठेपणाचा शिक्का इतका लवकर आणि इतका बाहेरून बसला की त्या शिक्क्यावर त्यांचा विश्वास उरला नाही. श्यामला आईची पावती हवी असते. लक्ष्मीबाईंना पावत्यांचं काही वाटत नाही, म्हणून त्या पाहू शकतात. गमावलेल्या बालपणाची किंमत देऊन मिळालेली ही नजर आहे, तिचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

*

इथपर्यंत आल्यावर माझ्या स्वतःच्या मांडणीकडे पुन्हा पाहावं लागतं, आणि ते मला 'फँड्री'ने (२०१३) पाहायला लावलं.

नागराज मंजुळेंच्या या सिनेमात जब्याच्या घरादाराला गावातली डुकरं पकडायचं काम करावं लागतं, आणि ते नेमकं शाळेजवळ. वर्गातली मुलं बघायला जमतात. शालू तिथे आहे. जब्या लपतो. आपण यात नाही, हे माणूस आपलं नाही, असं तो काही वेळ स्वतःच्या शरीराने सांगू पाहतो. बाप त्याला शोधून काढतो, मारतो, पुढे घालतो. आणि मग आख्खं गाव हसत असताना जब्या काठी घेऊन डुकरामागे धावतो.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमचा उंबरा आठवला आणि लाज वाटली. ''बाबा घरी नाहीत'' असं म्हणायला आधी दार लागतं. दाराच्या आत एक खोली लागते, जिथे बाप भिंतीकडे तोंड करून पडू शकतो. वसुलीला आलेला माणूस सभ्य लागतो, जो चपला पाहून पाणी मागतो. बापाची मानहानी बापापासूनच लपवायची चैन मला करता आली, कारण ती मानहानी एका माणसाने पाहिली होती. जब्याच्या बापाची मानहानी गाव पाहतं, मोबाइलवर टिपतं. तिथे लपवण्यासारखं उरतं काय? जब्यापाशी दोनच गोष्टी उरतात, लपणं आणि दगड. शेवटी तो दगड उचलतो आणि तो आपल्यावर, पडद्याकडे पाहणाऱ्यांवर येतो.

म्हणजे मोठं होण्याचा जो क्षण मी मराठी पुस्तकांत शोधत होते आणि सापडत नाही म्हणून कुरकुरत होते, त्या क्षणालाही जात आणि जागा आहे. लंपन आणि जोशी यांच्यापाशी कुढायला, रेंगाळायला, डोंगरावर जाऊन बसायला वेळ आहे. ते लेखकांचं पाप नव्हे, पण तो वेळ सगळ्या मुलांचा असतो असं आपण वाचकांनी मानून घेतलं, ही आपली चूक आहे. शाळा सुटल्याच्या आठवणींनी आपण गहिवरतो, तेव्हा शाळेशेजारी डुकरामागे धावणारा मुलगाही त्याच वर्गातला होता, हे आठवत नाही.

*

दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. ते वाचताना या सगळ्याचं उत्तर थोडंफार सापडतं, असं मला वाटतं. त्याची रचना आठवा. लेखक दया पवार, आणि त्याला आपली हकीकत सांगणारा दगडू मारुती पवार. दोघं एकच. शिकलेला, नाव बदललेला, शहरात नोकरी करणारा माणूस ऐकतो आहे आणि महारवाड्यातला, मुंबईच्या कावाखान्यातला मुलगा सांगतो आहे.

हे तंत्र म्हणून त्याची खूप चर्चा झाली. मला ते तंत्राच्या आधी गरज म्हणून दिसतं. बाप, आई, नातेवाईक, त्यांची दारू, त्यांची भांडणं, त्यांची असहायता, हे सगळं सांगायचं तर सांगणारा आणि ऐकणारा वेगळे करावेच लागतात. एकाच माणसाला ते सांगता येत नाही. लहानपणी ज्याने गप्प राहून घराला जपलं, त्यानेच मोठेपणी बोलायचं तर तो स्वतःशीच बेइमान होतो. म्हणून दगडू बोलतो आणि दया पवार ऐकून घेतो. पुस्तक आल्यावर आपल्याच माणसांची उणीदुणी चव्हाट्यावर मांडली, असा आक्षेप त्यांच्या जवळच्या लोकांकडूनही आला. तो आक्षेप मूर्खपणाचा नव्हता. जपायला शिकलेल्या माणसांचा तो आक्षेप होता.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. मराठी आठवणींच्या गद्यात आई-वडिलांचं देणं हा पाया असतो. आठवण लिहिणं म्हणजे ऋण फेडणं. अर्पणपत्रिकेपासून शेवटच्या ओळीपर्यंत लिहिणारा मूलच राहतो, वयाने साठीचा असला तरी. आई-वडील वर, आपण खाली. या मांडणीत मुलाने बापाला सांभाळल्याचा क्षण बसतच नाही, कारण त्या क्षणी हिशेब उलटा होतो. त्यामुळे तो क्षण एक तर गाळला जातो, किंवा त्याचा विनोद होतो. आम्हीही तेच केलं. ''बाबा घरी नाहीत'' हा आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं विनोद होता. दिवाळीत सगळे जमले की कुणीतरी तो करायचंच. त्यात चपला नव्हत्या.

*

आता बाबांबद्दल थोडं, आणि संपवते.

छापखाना १९९१ साली बंद झाला. ट्रेडल मशीन भंगारात गेलं, खिळे वजनावर विकले. कागदवाल्याचे पैसे बाबांनी फेडले, सगळे. पुढे त्यांनी दुसऱ्याच्या प्रेसमध्ये नोकरी केली आणि निवृत्त झाले. त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

ते गेले त्याच्या दोन वर्षं आधी, एका संध्याकाळी मी त्यांना सहज विचारलं, कागदवाल्याचा तो सायकलवाला आठवतो का. त्यांना लगेच आठवला. ''भला माणूस होता,'' ते म्हणाले. ''मी घरात असायचो हे माहीत असायचं त्याला.'' मी विचारलं, कसं? तर हसले. ''अगं, चपला दारातच असायच्या की. आत घ्यायचं सुचायचंच नाही बघ.'' आणि मग, ''तू लहान होतीस तेव्हा. तुला काय कळत होतं!''

एकतीस वर्षं मी जे सांभाळलं होतं ते त्यांना माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. तिघंही एकमेकांना सांभाळत होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच सांभाळतो आहोत. निदान मला तरी वाटत होतं. ओझं एकटीच्याच खांद्यावर आहे असं वाटणं, हे मोठेपण म्हणून मी मिरवलं होतं. ते बारा वर्षांच्या मुलीचंच वाटणं होतं.

त्यामुळे श्यामच्या आईबद्दलही मी आता तितक्या खात्रीने बोलणार नाही. मुलाला पावती देणाऱ्या त्या आईला, मुलगा काय काय न सांगता जपतो आहे, हे कळत नसेल कशावरून? आठवणींच्या पुस्तकांत मुलाला काय कळलं याची नोंद होते. मोठ्यांना काय कळलं होतं, हे मूल मोठं झाल्यावरही लिहू शकतंच असं नाही. त्यासाठी विचारावं लागतं, आणि विचारायला उशीर झालेला असतो. मला अगदी थोडक्यात वेळेवर सुचलं.

बाबा गेल्यावर नातेवाइकांनी घरगुती स्मरणिका काढली. त्यात मी लिहिलं, की त्यांनी कधी कुणाचा पैसा बुडवला नाही, आणि कष्टाने छापखाना चालवला. दोन्ही वाक्यं खरी आहेत. लिहिताना चपला माझ्या डोळ्यांसमोर होत्या, बाबांचं हसणंही होतं, आणि तरी मी त्या गाळल्या. वडिलांवरच्या लेखात हे कसं लिहायचं, असं वाटलं. म्हणजे वर ज्यांच्याबद्दल मी तक्रार केली, त्यांच्याच रांगेत मी उभी आहे, आणि त्यांच्यापेक्षा कमी धीट.

ती स्मरणिका घरोघरी गेली आहे, परत मागवता येत नाही. पण त्या पानावर एक परिच्छेद वाढवायला मिळाला, तर मी त्यात एवढंच लिहीन, की एका मे महिन्यात बाबांना फार अवघड गेलं होतं, आणि दारातल्या चपला आत घ्यायचं त्यांना सुचलं नाही. मलाही नाही.